पोटात गोळा येतो, तेव्हा तो खरंच आलेला असतो

पत्र :

बाई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दुसरीपर्यंत घराजवळच्या मराठी शाळेत होती. यंदा तिसरीला आम्ही तिला सेमी-इंग्रजी शाळेत घातलं. शाळा साडेसातची, रिक्षा पावणेसातला दारात येते. जूनचे पंधरा दिवस बरे गेले. मग रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडायला लागली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, फरक नाही. रविवारी मात्र काहीच दुखत नाही. सासूबाई म्हणतात, "नाटकं करायलीय पोरगी." आठवड्यातून एखादा दिवस मी घरी ठेवते, तर नऊ वाजता हिच्या उड्या सुरू. हे यंत्रमाग कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, रात्री साडेअकराला घरी येतात. तोवर ही मोबाइल बघत जागीच. मी घरी टॉवेलला शिलाई मारते, पैसे नगावर मिळतात. शाळेतून डबा अर्धा परत येतो, पाण्याची बाटली तर भरलेलीच. परवा मी तिला दोन फटके मारले. ती काही न बोलता दप्तर घेऊन रिक्षात बसली आणि मी मशीनवर बसून रडले. माझं काय चुकतंय? परत जुन्या शाळेत घालू का?
एक आई, साखर पेठ, सोलापूर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना फटक्यांपाशी थांबले, दुसऱ्यांदा पाण्याच्या बाटलीपाशी. दोन्हींबद्दल बोलू. त्याआधी पोटाचं.

रविवारी दुखत नाही, म्हणजे सोमवारी दुखतं ते खोटं, असा हिशेब सासूबाईंनी मांडला आहे. बहुतेक घरांत तो असाच मांडला जातो. पण आपण स्वतः काय म्हणतो ते आठवा. रात्री-अपरात्री फोन वाजला की आपल्या पोटात धस्स होतं. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. हे सगळं आपण पोटाच्याच नावानं बोलतो, कारण ते पोटातच होतं. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याचा सतत निरोप-सांगावा चालू असतो. मेंदू घाबरला की आतडी आवळतात, पचनाची चाल बदलते. मोठ्या माणसाला "टेन्शन आलंय" असं म्हणता येतं. आठ वर्षांच्या मुलीला ते नाव ठाऊक नसतं, तिला फक्त पोट दुखलेलं कळतं. रविवारी शाळा नसते, म्हणून गोळाही येत नाही. तिचं दुखणं खरं आहे.

आणि तिला शाळेत जायचंही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच हातात धरायच्या आहेत. सध्या तुमच्या घरात त्या वाटून घेतल्यासारख्या झाल्यात : सासूबाईंनी शाळा धरली आहे आणि दुखणं सोडलंय, तुम्ही कळवळून दुखणं धरता आणि त्या दिवशी शाळा सुटते. मुलीला दोन्ही बाजूंनी अर्धंच मिळतं.

आता बाटली. पावणेसातला निघालेली मुलगी घरी यायला दुपारचा एक-दीड होत असेल. सव्वासहा ते पावणेसात तास, सोलापूरच्या हवेत, आणि घोटभरही पाणी नाही. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ज्या मुलांच्या बाटल्या भरलेल्या परत जायच्या, त्यांतल्या बऱ्याच जणांना तहान लागायची, पण शाळेत लघवीला जायचं नसायचं. कुठे दाराला आतून कडी नसते, कुठे नळाला पाणी नसतं, कुठे मोठ्या वर्गातली मुलं बाहेरून दार वाजवतात. मुलं मग आपली आपण वाट काढतात : पाणीच प्यायचं नाही. त्यात पहाटेच्या घाईत संडासला निवांत बसायला मिळत नाही आणि शाळेत लागली तर दाबून धरली जाते. असं काही आठवडे चाललं की शौच कडक होते, मूल खडा धरतं आणि पोट दुखायला लागतं. जंताच्या औषधानं ते जाणार नाही. लघवी दाबून ठेवण्यानं मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो तो वेगळाच.

सेमी-इंग्रजी म्हटलंत, म्हणून आणखी एक सुचतं. आमच्या शाळेत निम्मीअधिक मुलं घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी. पहिलीतला एक मुलगा महिनाभर तोंडच उघडेना. दोनदा त्याची चड्डी ओली झाली. मी त्याला मंद समजले, आईला बोलावून तसं सांगितलंही. मग त्याच्याच गल्लीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, त्याला कसं विचारायचं ते येत नाही." त्याला लघवीला जाऊ का, एवढं मराठीत विचारता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी वर्गात ठरवून टाकलं : करंगळी वर करायची आणि जायचं, बोलायची गरज नाही. पंधरा दिवसांत तो बोलायला लागला. त्याच्या आईला मी जे बोलले होते ते मला अजून आठवतं.

तुमची मुलगी जूनपर्यंत "बाई, जाऊ का?" म्हणून उठायची. आता कदाचित तिला चाळीस मुलांसमोर "मॅडम, मे आय गो टू टॉयलेट?" म्हणावं लागत असेल. वाक्य चुकलं तर कुणी हसेल, या भीतीनं मूल तासन्‌तास बसून राहतं. हेच कारण असेल असं मी ठामपणे म्हणत नाही. पण बाटली काहीतरी सांगते आहे, आणि ते तिच्याकडूनच काढून घ्यायचं आहे.

ते सकाळी निघणार नाही. सकाळी तिच्या पोटात गोळा असतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर घड्याळ. शिवाय "का दुखतंय?" या प्रश्नाला तिच्यापाशीही उत्तर नाही. संध्याकाळी टॉवेलच्या घड्या घालताना तिला शेजारी बसवा. हात कामात, नजर घडीवर, अशा वेळी मुलं बोलतात. समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून विचारलं की गप्प होतात. प्रश्न छोटे ठेवा. शाळेतला संडास कुठल्या बाजूला आहे गं? कडी लागते का? जाताना मॅडमना काय म्हणावं लागतं? मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातेस? एका संध्याकाळी दोन प्रश्न पुरेत. ती काही बोलली तर लगेच "अगं, त्यात काय घाबरायचं!" म्हणू नका. आपण धीर देण्यासाठी म्हणतो, पण मुलीला ऐकू येतं की हे सांगायचं नसतं. "असं होय? मग गोळा येणारच की पोटात," एवढं म्हणा आणि पुढची घडी घाला.

एक प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरी विचारा : रिक्षात, शाळेत, वाटेत कुणी तिला नको तिथे हात लावतं का, घाबरवतं का? हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा, ओरडू नका, पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना अशी तक्रार नोंदवून घ्यावीच लागते.

डॉक्टरांकडे एकदा परत जा, शक्यतो लहान मुलांच्या. आपल्या सिव्हिलमध्येही बालरोग विभाग आहे. या वेळी "पोट दुखतं" एवढ्यावर थांबू नका. शौचाला किती दिवसांनी होते, कडक होते का, लघवीला जळजळते का, बाटली भरलेली येते, हे सगळं सांगा. दुखण्यानं ती रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, वारंवार उलटी किंवा ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता रात्रीचं. तुम्ही जागरण मोबाइलच्या नावावर टाकलंय. मला वाटतं, ती मोबाइलसाठी जागत नसावी. ती बाबांसाठी जागते आणि वेळ जाईना म्हणून मोबाइल बघते. ती शाळेतून येते तेव्हा ते निघायच्या गडबडीत किंवा निघून गेलेले असतात, सकाळी ती जाते तेव्हा ते झोपलेले. साडेअकरानंतरची दहा मिनिटंच तिच्या वाट्याला येतात. ती सोड म्हटलं तर ती कशी सोडेल?

पण हिशेब बघा. बारा वाजता झोपून पावणेसहाला उठायचं, म्हणजे पावणेसहा तास झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. अर्ध्या झोपेत उठलेल्या मुलीला भीती दुप्पट वाटते, रडू लवकर येतं, भूक लागत नाही. अर्धा परतलेला डबाही मला त्यातलाच वाटतो.

म्हणून बाबांची भेट रात्रीवरून सकाळवर आणा. ते रात्री दमून येतात हे मला कळतं. पण पाळी दुपारची आहे, त्यामुळे मुलगी गेल्यावर त्यांना पुन्हा आडवं होता येईल. आठवड्यातून तीन दिवसांपासून सुरुवात करा. सव्वासहाला उठून त्यांनी तिच्याजवळ बसावं, ती दूध पिईल तेव्हा त्यांनी चहा प्यावा, आणि दप्तर त्यांनी उचलून रिक्षापर्यंत सोडायला जावं. उपदेश नको. रात्रीसाठी तिला एक काम द्या : झोपण्याआधी बाबांच्या झाकलेल्या ताटाशेजारी एक चित्र किंवा दोन ओळींची चिठ्ठी ठेवायची. बाबांनी जेवून झाल्यावर तिच्या कंपासपेटीत उत्तर ठेवायचं. लिहिणं नको वाटलं तर एक फूल काढलं तरी चालेल. शाळेत कंपास उघडली की तिला ते दिसेल. ही चिठ्ठी एकही दिवस चुकू देऊ नका, एवढं माझ्यासाठी त्यांना सांगा.

झोपेची वेळ एकदम ओढू नका. आज बारा, उद्या नऊ असं केलं तर ती अंधारात तीन तास टक्क जागी राहील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. बारावरून नऊवर यायला महिना-सव्वा महिना लागेल, लागू द्या. दुपारी झोपत असेल तर अर्ध्या तासात उठवा. झोपण्याआधी तासभर मोबाइल घरातल्या सगळ्यांनीच बाजूला ठेवावा, सासूबाईंनीसुद्धा. आणि पाण्याची रात्र! काही दिवसांआड रात्री नळाला पाणी येतं, मोटार सुरू होते, पिंपं सरकवली जातात, सगळी गल्ली जागी होते. त्या रात्री तिला आतल्या खोलीत झोपवा, भांडी आणायला उठवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी रडणं जास्त असेल, हे आधीच धरून चाला म्हणजे तुमचाही तोल जाणार नाही.

शाळेच्या वेळेबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर असू द्या. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असं परिपत्रक राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं होतं, आणि कारण मुलांची अपुरी झोप हेच होतं. तुमच्या शाळेत तिसरी अजून साडेसातला भरते, तर चार-पाच पालकांनी मिळून पालक सभेत हे विचारा. एकट्या आईनं विचारलं की तक्रार वाटते.

सकाळी काय करायचं? चर्चा अजिबात नको. दप्तर रात्रीच भरलेलं, गणवेश खुंटीला. उठणं, कोमट पाणी, संडासला दहा मिनिटं निवांत, अंघोळ, वेणी, दूध, रिक्षा. रोज हाच क्रम. पुढे काय आहे हे ठाऊक असलं की मुलं निम्मी शांत होतात. "आज पोट कसंय?" असं आपण होऊन विचारू नका. ती म्हणाली की दुखतंय, तर जवळ घ्या आणि म्हणा, "हो गं, गोळा आलाय. शाळेत गेल्यावर हळूहळू विरघळतो तो. चल, वेणी घालू." आवाज असा ठेवा, जसा आपण "पाऊस येतोय, छत्री घे" म्हणताना असतो.

ताप, उलटी, जुलाब असेल तर घरी ठेवा. एरवी नाही. ज्या दिवशी ती घरी राहते त्या दिवशी नऊ वाजता उड्या मारते, कारण भीतीचं कारण टळलेलं असतं. पण शरीर त्यातून शिकतं की घरी राहिलं की बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशीचा गोळा मोठा होतो. खरंच आजारी म्हणून ठेवलं तर त्या दिवशी मोबाइल नको, बाहेर खेळणं नको, आजारी माणसासारखी विश्रांती.

वर्गशिक्षिकेला भेटा, पण साडेसातला फाटकात नव्हे. डायरीत चार ओळी लिहून वेळ मागा. तक्रारीनं सुरुवात करू नका. "मुलगी घरी रडते, मला तुमची मदत हवी आहे," असं म्हणा. शिक्षिका म्हणून सांगते, हे वाक्य ऐकल्यावर बहुतेक बाई खुर्ची पुढे ओढतात. मग मागा : लघवीला जायला बोटाची खूण चालेल का, एखाद्या शांत मैत्रिणीशेजारी बसवता येईल का, आणि परिपाठाआधी तिला एखादं छोटं काम देता येईल का. फळ्यावर तारीख लिहिणं, वह्या गोळा करणं, काहीही. काम असलेलं मूल वर्गात शिरताना दारात अडखळत नाही. इकडे घरी ते इंग्रजी वाक्य खेळात घ्या. सासूबाईंना मॅडम करा, मुलीनं परवानगी मागायची, मग उलट. मराठी बोलली म्हणून वर्गात कुणी मारत किंवा सगळ्यांसमोर हिणवत असेल, तर गप्प राहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या.

जुन्या शाळेत परत घालायचं का, हे आज ठरवू नका. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे सगळं करून बघा. तरीही ती कोमेजलेलीच राहिली तर खुशाल परत न्या. माझं मत विचाराल तर मुलं मराठीत उत्तम शिकतात आणि पुढे इंग्रजीही छान उचलतात. शाळा बदलली म्हणून कुणी हरत नाही. फक्त रडण्याच्या एखाद्या सकाळी, रागाच्या भरात तो निर्णय होऊ नये.

सासूबाईंना समजावत बसू नका, त्यांना काम द्या. त्यांच्या लहानपणी पोट दुखतंय असं म्हणायची मुभाही नसेल. रात्री नऊला नातीला घेऊन झोपायचं काम त्यांचं. बेंबीभोवती कोमट हिंगाचं पाणी लावतात ना, तेही त्यांनीच लावावं. हिंगापेक्षा हात फिरवण्याचा गुण मोठा असतो. आठवडाभर नातीच्या पोटावरून हात फिरवल्यावर "नाटकं" हा शब्द त्यांच्या तोंडून यायचा कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

आणि फटके. तुम्ही ते लपवलं नाहीत. पण ती न रडता रिक्षात बसली, ते मला तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. रडणारी मुलगी अजून तुमच्याशी बोलत असते. तिची माफी मागा. आजच, झोपताना. "परवा मी तुला मारलं, ते चुकलं माझं. मी घाबरले होते. परत मारणार नाही." पुढे "पण तूही" जोडू नका. आईची माफी ऐकलेल्या मुली आईपासून गोष्टी लपवत नाहीत. तुमची सकाळ टॉवेलच्या नगांनी घेरलेली असते, हेही मला दिसतं. पहिले काही आठवडे रिक्षा जाईपर्यंत मशीन सुरू करू नका. चार टॉवेल कमी होतील, पण ती तासाभराची सकाळ पूर्ण तिची असू द्या.

दुखणं कमी झालं तरी गणपतीच्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची मजा करून आल्यावर पहिल्या दोन-तीन सकाळी ते परत डोकं वर काढेल. घाबरू नका, तोच क्रम पुन्हा धरा. पाच-सहा आठवडे नेटानं करूनही ती शाळेत जाईना झाली, खेळणं-खाणं सोडलं, किंवा "मी नकोच आहे" असं काही बोलली, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता.

तीन आठवड्यांनी मला लिहा. बाटली घरी येते तेव्हा किती रिकामी असते, ते सगळ्यात आधी सांगा.

तुमची,
बाई